तापलेल्या हवेत, पाण्यात आणि काचेत प्रकाशाचा वेग बदलतो का?

प्रश्न : विज्ञान शिक्षिका, मोहोळ तालुका

नमस्कार. मी सोलापूर जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते. ध्वनीचा पाठ शिकवताना मी फळ्यावर लिहिले की हवेचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले, तर ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो. ते उतरवून घेता घेता एका विद्यार्थिनीने विचारले, "बाई, मग मे महिन्यात उजेडसुद्धा लवकर पोहोचत असेल का?" प्रकाशाचा वेग ठरलेला आहे, त्यावर तापमानाचा परिणाम होत नाही, असे उत्तर देऊन मी पुढे गेले.

त्याच दिवशी दुपारी घरी परतताना महामार्गावर नेहमीसारखे मृगजळ दिसले आणि आपण चुकीचे सांगितले, हे माझ्या लक्षात आले. दहावीला आपणच शिकवतो की माध्यम बदलले की प्रकाशाचा वेग बदलतो आणि म्हणून अपवर्तन होते, म्हणजे किरण वळतो. रस्त्यालगतच्या तापलेल्या हवेत आणि वरच्या हवेत प्रकाशाचा वेग सारखाच असता, तर मृगजळ दिसण्याचे कारणच उरले नसते. म्हणजे परिणाम होतो, एवढे नक्की. परंतु तो किती होतो, पाणी व काच यांतही तो त्याच दिशेने होतो का, आणि ध्वनीच्या बाबतीत जे कारण आपण सांगतो तेच येथेही लागू पडते का, हे मला वर्गात खात्रीने सांगता यायला हवे. विद्यार्थिनीला मी सोमवारी उत्तर देणार आहे, असे कबूल केले आहे. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १ : निवृत्त प्राध्यापक, भौतिकशास्त्र, सोलापूर शहर

आपल्या विद्यार्थिनीचा प्रश्न उत्तम आहे आणि हवेपुरते त्याचे उत्तर "हो, किंचित लवकर पोहोचतो" असे आहे. मात्र त्या होकारामागचे कारण ध्वनीच्या कारणाहून अगदी वेगळे आहे, म्हणून आधी तेच स्पष्ट करतो.

ध्वनी हा हवेच्या रेणूंनीच एकमेकांकडे पोहोचवलेला धक्का असतो. हवा तापली की रेणू अधिक वेगाने धावतात आणि धक्का पुढच्या रेणूपर्यंत लवकर जातो. प्रकाशाला मात्र वाहून नेण्यासाठी रेणू लागत नाहीत. निर्वातात तो सेकंदाला २,९९,७९२.४५८ किलोमीटर या वेगाने जातो, आणि हा आकडा इतका पक्का मानला गेला आहे की १९८३ पासून मीटरची व्याख्याच त्यावरून केली जाते. प्रकाशाच्या दृष्टीने रेणू हे वाहक नसून अडसर आहेत. प्रकाशतरंग माध्यमात शिरला की तेथील अणूंमधील इलेक्ट्रॉन त्याच्या तालावर थरथरू लागतात आणि स्वतःही त्याच वारंवारतेचे तरंग बाहेर टाकतात. मूळ तरंग आणि हे नवे तरंग यांच्या बेरजेतून जो तरंग पुढे सरकतो, तो निर्वातातल्यापेक्षा मागे पडलेला असतो. (अणू प्रकाश गिळतात, थोडा वेळ धरून ठेवतात आणि मग सोडतात, असे स्पष्टीकरण पुष्कळ ठिकाणी दिले जाते. ते बरोबर नाही. तसे असते तर प्रकाश वाटेल त्या दिशेला विखुरला गेला असता आणि काचेतून पलीकडचे काही स्पष्ट दिसले नसते.) हे मागे पडणे ज्या संख्येने मोजतात तो अपवर्तनांक : निर्वातातील वेग भागिले माध्यमातील वेग.

आता तापमान कोठे येते ते पाहा. ते प्रकाशावर थेट काहीच करत नाही. ते माध्यम बदलते, आणि बदललेले माध्यम प्रकाशाला कमी किंवा अधिक मागे ओढते.

हवेचे गणित सर्वांत सोपे आहे. हवा तापली की प्रसरण पावते, एका घनमीटरमधील रेणू कमी होतात, अडसर कमी होतो आणि वेग वाढतो. शून्य अंश सेल्सिअस व समुद्रसपाटीच्या दाबाला हवेचा अपवर्तनांक सुमारे १.०००२९३ असतो. यातील एकाच्या वरचा जो भाग आहे, तो घनतेच्या प्रमाणात, म्हणजेच दाब कायम असेल तर केल्विनमधील तापमानाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर असल्यामुळे येथे दाब थोडा कमी असतो, तोही हिशेबात धरला तर असे दिसते : मे महिन्यात पहाटे २४ अंश तापमान असताना आपल्या हवेत प्रकाश निर्वातातल्यापेक्षा सेकंदाला सुमारे ७६ किलोमीटरने मागे असतो आणि दुपारी ४२ अंशांना सुमारे ७२ किलोमीटरने. म्हणजे दुपारी त्याचा वेग पहाटेपेक्षा सेकंदाला चार किलोमीटरहून थोड्या अधिक फरकाने जास्त असतो. आकडा ऐकायला मोठा वाटतो, परंतु एकूण वेगाच्या तुलनेत तो दहा लाखांत चौदा-पंधरा भाग इतकाच आहे. ध्वनीचा वेग तेवढ्याच तापमानवाढीने शेकडा तीन वाढतो, ही तुलना वर्गात जरूर द्यावी.

इतक्या सूक्ष्म फरकाने मृगजळ कसे दिसते? किरण रस्त्याला जवळजवळ समांतर येतात म्हणून. वारीतील दिंडीची एक आडवी रांग डोळ्यांसमोर आणा. रांगेच्या एका टोकाचे वारकरी थोडे भरभर आणि दुसऱ्या टोकाचे सावकाश चालू लागले, तर संपूर्ण रांग सावकाश चालणाऱ्यांच्या बाजूला वळते. प्रकाशतरंगाचा रस्त्यालगतचा खालचा भाग तापलेल्या, विरळ हवेतून भरभर जातो, वरचा भाग त्यामानाने सावकाश जातो, म्हणून आकाशाकडून उतरत आलेला किरण हळूहळू वर वळून आपल्या डोळ्यांत शिरतो आणि आपल्याला रस्त्यावर आकाशाचा तुकडा दिसतो. डांबराला लागून असलेली हवा ६५ अंश आणि वरची ४२ अंश धरली, तर किरण रस्त्याशी एक तृतीयांश अंशापेक्षा कमी कोन करत असेल तरच तो असा वळू शकतो. डोळे रस्त्यापासून सव्वा मीटर उंचीवर असतील, तर या कोनावरून मृगजळ दोनशे मीटरांच्या अलीकडे दिसणारच नाही असे निघते. आपण पुढे गेलो की ते पाणी पुढे पळते, त्याचे कारण हेच. मृगजळ म्हणजे पूर्ण आंतरिक परावर्तन असे अनेक गाइडांमध्ये छापलेले असते, तेही दुरुस्त करून सांगावे. तेथे आरशासारखा कोणताही पृष्ठभाग नसतो, किरण सलग वळत जातो.

पाण्यातही दिशा तीच आहे, पण परिणाम हवेच्या सुमारे शंभर पट आहे. सोडियमच्या पिवळ्या प्रकाशासाठी पाण्याचा अपवर्तनांक २० अंशांना १.३३३० आणि ८० अंशांना सुमारे १.३२३ असतो. वेगात सांगायचे तर सेकंदाला सुमारे २,२४,९०० किलोमीटरवरून २,२६,६०० किलोमीटर.

काचेपाशी मात्र सरळ नियम मोडतो, आणि मला स्वतःला या विषयातील सर्वांत मोलाचा भाग तोच वाटतो. शुद्ध सिलिकाची काच तापवली तर तिच्यातील प्रकाशाचा वेग वाढत नाही, घटतो. तिचा अपवर्तनांक १.४५८ च्या आसपास असतो आणि दर अंशाला तो सुमारे एक लाखांश वाढतो. याचे कारण असे की तापमानाची माध्यमावर दोन कामे एकाच वेळी चालतात. एकीकडे पदार्थ प्रसरण पावतो आणि अणू विरळ होतात, त्यामुळे अपवर्तनांक कमी होऊ पाहतो. दुसरीकडे पदार्थ ज्या अतिनील वारंवारतांना प्रकाश शोषतो, त्या तापमानाबरोबर दृश्य प्रकाशाच्या दिशेने थोड्या खाली सरकतात, त्यामुळे इलेक्ट्रॉन दृश्य प्रकाशाला अधिक प्रतिसाद देऊ लागतात आणि अपवर्तनांक वाढू पाहतो. सिलिका फारच थोडी प्रसरण पावते, म्हणून तिच्यात दुसरे काम वरचढ ठरते. अ‍ॅक्रिलिकसारखे प्लॅस्टिक पुष्कळ प्रसरण पावते, म्हणून त्यात पहिले वरचढ ठरते आणि प्रकाश पाण्याप्रमाणे वेगवान होतो. नेहमीच्या भिंगांच्या काचांमध्ये ही ओढाताण जवळजवळ बरोबरीत सुटते, आणि काचेच्या रासायनिक घडणीप्रमाणे उत्तर कधी या बाजूला, कधी त्या बाजूला झुकते.

म्हणून "तापमान वाढले की वेग वाढतो" हे वाक्य वर्गात नियम म्हणून लिहून देऊ नये. वायूंसाठी ते खरे आहे, नेहमीच्या तापमानाच्या पाण्यासाठी खरे आहे, घन पदार्थांसाठी प्रत्येकाची वेगळी चौकशी करावी लागते.

उत्तर २ : भूमापक, जुळे सोलापूर

सरांनी हवेतला फरक दहा लाखांत चौदा-पंधरा भाग सांगितला. हा फरक आमच्या कामात रोज हाताशी येतो, म्हणून लिहितो.

आम्ही टोटल स्टेशनने अंतर मोजतो. यंत्रातून निघालेला अवरक्त किंवा लाल प्रकाश समोरच्या प्रिझमवरून परत येतो आणि त्याला लागलेल्या वेळेवरून यंत्र अंतर काढते. वेळेला वेगाने गुणल्याशिवाय अंतर निघत नाही, म्हणून यंत्राला हवेतील प्रकाशाचा वेग माहीत असावा लागतो, आणि तो त्याला आम्हीच तापमान व दाब भरून सांगतो. यंत्र कारखान्यातून एका प्रमाण हवेसाठी जुळवून येते. ती १५ अंश आणि समुद्रसपाटीचा दाब अशी धरली, तर सोलापुरात मे महिन्याच्या दुपारी ४२ अंश आणि सुमारे ९५५ हेक्टोपास्कल दाब असताना प्रकाश यंत्राच्या समजुतीपेक्षा दहा लाखांत सुमारे ३८ भाग अधिक वेगाने जात असतो. दुरुस्ती न भरता मोजले, तर एक किलोमीटरचे अंतर ३८ मिलिमीटरने कमी भरते. घराच्या प्लॉटला याने काही बिघडत नाही, परंतु पुलाच्या किंवा लांब कालव्याच्या कामाचे नियंत्रणबिंदू बसवताना ही चूक चालत नाही.

सुरुवातीच्या काळात माझ्याकडून हीच चूक झाली होती. एकाच दोन बिंदूंमधील दीड किलोमीटरचे अंतर सकाळी सहाला आणि दुपारी दोनला मोजले असता दोन्ही नोंदींमध्ये दोन सेंटीमीटरहून थोडा अधिक फरक आला. प्रिझमचा खांब हलला असेल असे समजून मी सगळे पुन्हा लावले, फरक कायम राहिला. यंत्रात सकाळचेच तापमान भरलेले होते, हे नंतर ध्यानात आले. सोबत लिहून ठेवण्यासारखा अंदाज असा : तापमान एक अंशाने चुकले, तर एका किलोमीटरला साधारण एक मिलिमीटर चुकतो.

यात एक अडचण उरतेच. तापमापी आम्ही यंत्रापाशी सावलीत धरतो, आणि प्रकाश मात्र मधल्या काळ्या रानावरून, डांबरावरून, विहिरीच्या काठावरून जातो. त्या संपूर्ण वाटेवरची हवा किती तापलेली आहे हे एका तापमापीला कळत नाही. म्हणून महत्त्वाची लांब अंतरे ढगाळ दिवशी किंवा सकाळी लवकर, आणि दृष्टिरेषा जमिनीपासून शक्य तितकी उंच ठेवून मोजावीत, असे मी माझ्या सहकाऱ्यांना सांगतो.

उत्तर ३ : साखर कारखान्यातील लॅब केमिस्ट, माळशिरस तालुका

पाण्याच्या आकड्यांना आमच्या जिल्ह्यात थेट पैशाचा अर्थ आहे, तो येथे नोंदवतो. उसाचा रस असो, डाळिंबाचा असो की द्राक्षांचा, त्याचा ब्रिक्स, म्हणजे साखरेचे शेकडा प्रमाण, आपण रिफ्रॅक्टोमीटरने पाहतो. हे उपकरण साखर मोजत नाही, ते रसाचा अपवर्तनांक मोजते आणि त्यावरून साखरेचे प्रमाण दाखवते. साखर वाढली की रसात प्रकाश अधिक मंदावतो आणि ब्रिक्स वाढतो. परंतु रस तापला की प्रकाश वेगवान होतो आणि त्याच रसाचा ब्रिक्स कमी दिसतो. उपकरणावरील खुणा २० अंशांसाठी आखलेल्या असतात. रस ३० अंशांना असेल तर वाचन सुमारे ०.७ ने कमी येते आणि चाळिशीला पोचला तर दीड ते पावणेदोनने. बागेत उभे राहून फळ तोडायचे की आठवडाभर थांबायचे, हे एका ब्रिक्सवर ठरत असेल, तर हा फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

स्वयंचलित तापमान दुरुस्ती असलेली हातातली उपकरणे आता सर्वत्र मिळतात, पण त्यांची हमी बहुधा १० ते ३० अंशांपुरतीच असते. मोटारसायकलच्या डिकीत दुपारभर राहिलेले उपकरण काढून लगेच थेंब टाकला, तर ती दुरुस्ती अपुरी पडते. थेंब अगदी लहान असल्यामुळे तो काही क्षणांत प्रिझमच्या तापमानाला येतो, म्हणजे रसाचे तापमान जपण्यापेक्षा उपकरणाचे तापमान जपणे अधिक महत्त्वाचे आहे. साध्या, दुरुस्ती नसलेल्या उपकरणात त्याच जागी, त्याच तापमानाच्या शुद्ध पाण्याने शून्य जुळवून घेतले, तर चुकीचा बहुतेक भाग निघून जातो. शेतकरी बांधवांनी एवढे केले तरी पुरे.

प्राध्यापक सरांच्या विवेचनाला एक पुस्ती जोडतो. पाण्याची घनता ४ अंशांना सर्वाधिक असते, त्यामुळे अपवर्तनांकही तेथेच सर्वाधिक असेल अशी माझी समजूत होती. तसे नाही. दृश्य प्रकाशासाठी तो शून्य अंशाच्या आसपास सर्वाधिक असतो. केवळ घनता पाहून पाण्याचेही पूर्ण उत्तर मिळत नाही, हे यावरून पटते.

उत्तर ४ : अभियांत्रिकीचा विद्यार्थी, सोलापूर

मी असे वाचले आहे की १९९९ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ लेने हाऊ यांनी सोडियमचा वायू निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ नेऊन प्रकाशाचा वेग सेकंदाला १७ मीटरवर आणला. मग तापमान पुरेसे कमी केले की प्रकाश कोणत्याही माध्यमात थांबतो, असा नियम मांडता येईल का?

उत्तर ५ : निवृत्त प्राध्यापक, भौतिकशास्त्र, सोलापूर शहर

असा नियम मांडता येणार नाही. प्रयोग खरा आहे, आणि सेकंदाला १७ मीटर म्हणजे ताशी सुमारे ६१ किलोमीटर, आपल्या एसटीइतकाच वेग. परंतु तेथे प्रकाश थंडीने मंदावला नव्हता. त्या वायूवर दुसरा एक नियंत्रक लेझर सोडला होता, त्यामुळे एका अत्यंत अरुंद पट्ट्यात वायूचा अपवर्तनांक वारंवारतेबरोबर विलक्षण झपाट्याने बदलत होता, आणि अशा पट्ट्यातून जाणारा प्रकाशाचा स्पंद (क्षणभराचा झोत) अतिशय हळू सरकतो. अतिशीत तापमानाचे काम पूरक होते : अणूंची धावपळ थांबवून तो पट्टा तितका अरुंद राखणे आणि वायू दाट ठेवणे. नियंत्रक लेझर नसेल, तर तेवढाच थंड वायू प्रकाशाला असे रोखत नाही. शिवाय हा वेग स्पंदाचा आहे. वर आपण अपवर्तनांकावरून काढत आहोत तो वेग तरंगाच्या शिखरांचा आहे. शाळेच्या पातळीवर हा भेद काढण्याची गरज नाही, पण तुम्ही अभियांत्रिकीला आहात, तुम्ही तो मनाशी पक्का ठेवावा.

उत्तर ६ : दूरसंचार तंत्रज्ञ, पंढरपूर

काच तापली की प्रकाश मंदावतो, याला आमच्या ऑप्टिकल फायबरचा दाखला देतो. फायबर सिलिकाचाच असतो. त्यात एक किलोमीटर जायला प्रकाशाला सुमारे ४.९ मायक्रोसेकंद लागतात, आणि तापमान एक अंशाने वाढले की हा वेळ प्रत्येक किलोमीटरमागे साधारण ४० पिकोसेकंदांनी वाढतो (हजार पिकोसेकंद म्हणजे एक नॅनोसेकंद). काच लांबीने वाढते त्याचा यात अगदी थोडा वाटा आहे, बाकी सगळा अपवर्तनांकाचा. खांबावरून नेलेली शंभर किलोमीटरची केबल पहाटेपासून दुपारपर्यंत वीस अंशांनी तापली, तर संदेश ८० नॅनोसेकंद उशिरा पोहोचतो. फोनवर बोलणाऱ्याला याचा पत्ताही लागत नाही. अचूक घड्याळे एकमेकांशी जुळवण्याच्या कामात मात्र ही दुरुस्ती करावी लागते. जमिनीत मीटरभर खोल पुरलेल्या केबलला दिवसभरात हा फरक जवळजवळ जाणवत नाही.

प्रश्नकर्तीचे उत्तर : विज्ञान शिक्षिका, मोहोळ तालुका

सर्वांचे मनापासून आभार. सोमवारी वर्गात पहिल्यांदा माझी चूक सांगितली आणि मग हवा, पाणी, काच या क्रमाने सगळे समजावले. मात्र मुलांना केवळ आकडे देऊन थांबावेसे वाटले नाही, म्हणून प्राध्यापक सरांना विचारून एक प्रयोगही केला.

शाळेत साठ अंशांचा काचेचा पोकळ प्रिझम होता. त्यात साधे पाणी भरून लाल लेझर पॉइंटरचा किरण आरपार सोडला आणि पाच मीटर अंतरावरच्या भिंतीवर चिकटवलेल्या कागदावर ठिपका पडेल तेथे पेन्सिलने खूण केली. प्रिझम आणि लेझर दोन्ही टेबलाला चिकटपट्टीने घट्ट बसवले होते, कारण हाताच्या एका धक्क्याने सगळे मोजमाप वाया जाते. किरण कोणाच्या डोळ्यांच्या उंचीवर येणार नाही याचीही काळजी घेतली. नंतर प्रिझम जागचा न हलवता पाणी नळीने काढून घेतले आणि साठ अंशांच्या आसपासचे गरम पाणी ओतले. गणिताप्रमाणे अपवर्तनांक १.३३२५ वरून १.३२७ वर यायला हवा, विचलन (किरण वळण्याचा कोन) ०.४ अंशाने कमी व्हायला हवे आणि ठिपका साडेतीन सेंटीमीटर सरकायला हवा, असे मुलांनी आधीच वहीत काढून ठेवले होते.

पाणी ओतल्यावर सुरुवातीला ठिपका दिसेनासा झाला, भिंतीवर नुसता थरथरणारा लाल डाग होता. आतल्या पाण्याचे तापमान सगळीकडे सारखे नसल्यामुळे असे होते, हे एका मुलाने स्वतःहून सांगितले, आणि तो महामार्गावरच्या थरथरत्या हवेसारखा दिसतो असेही म्हणाला. काचेच्या काडीने पाणी ढवळल्यावर डाग आवळला आणि ठिपका जुन्या खुणेपासून तीन सेंटीमीटरवर स्थिरावला. तापमापी बुडवून पाहिली तेव्हा पाणी ५४ अंशांपर्यंत उतरलेले होते, म्हणजे हिशेब जवळपास जुळला.

मूळ प्रश्न विचारणारी विद्यार्थिनी तास संपल्यावरही कागदाजवळ थांबून होती. दर पाच मिनिटांनी ती तापमान वाचून ठिपक्याच्या जागी नवी खूण करत होती आणि पाणी निवेल तसा ठिपका पहिल्या खुणेकडे परत चालला होता. सुट्टीची घंटा झाली तेव्हा ठिपका आणि पहिली खूण यांमध्ये एक सेंटीमीटर अंतर उरले होते. त्या खुणांवरून तापमान आणि अपवर्तनांक यांचा आलेख ती आता काढते आहे. तिचा पुढचा प्रश्न असा आहे की प्रिझमच्या काचेच्या भिंतीही तापल्या होत्या, मग त्यांच्यामुळे ठिपका किती सरकला असेल?

उत्तर ७ : निवृत्त प्राध्यापक, भौतिकशास्त्र, सोलापूर शहर

तिला सांगा, जवळजवळ शून्य. प्रत्येक भिंत ही दोन समांतर पृष्ठभागांची पातळ काच आहे. तिच्यातून किरण थोडा बाजूला सरकतो, पण त्याची दिशा बदलत नाही, मग त्या काचेचा अपवर्तनांक कितीही असो. दिशा ठरते ती केवळ बाहेरची हवा आणि आतले पाणी यांवरून. दोन्ही भिंती खरोखर समांतर पृष्ठभागांच्या आहेत का, हे तिला तपासायचे असेल, तर प्रिझम रिकामा करून, कोरडा पुसून तोच किरण सोडावा. प्रिझम ठेवल्याने आणि काढल्याने ठिपक्याच्या जागेत काही मिलिमीटरांहून अधिक फरक पडला नाही, तर भिंती ठीक आहेत.